मिलिन्यूटनचा रेटा

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह कक्षेत सोडले. तो आकडा आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि तो राहावा असाच होता. त्यातले ८८ उपग्रह मात्र एकाच अमेरिकी कंपनीचे होते. प्लॅनेट लॅब्सचे हे ‘डव्ह’ उपग्रह वजनाला पाच किलोच्या आतले. पोटात दुर्बीण आणि कॅमेरा, बाजूंना सौर पंख. त्या ८८ पैकी एकातही इंजिन नव्हतं.

रॉकेटमधून घोळक्यानं सुटलेले हे उपग्रह कक्षेत ठरावीक अंतरांवर पसरले नसते, तर पृथ्वीचं रोज ताजं छायाचित्र घेण्याचा बेत तिथेच संपला असता. कंपनीनं ही मांडणी हवेकडून करून घेतली. पाचशे किलोमीटर उंचीवरही वातावरणाचे विरळ कण असतात. ज्या उपग्रहाला पुढे काढायचं, त्याचे पंख प्रवासाच्या दिशेला आडवे धरायचे. घर्षण वाढतं, उपग्रह किंचित खाली उतरतो, आणि खालची कक्षा लहान असल्यामुळे त्याची फेरी लवकर संपते, म्हणजे तो सोबत्यांच्या पुढे निघतो. ज्याला मागे ठेवायचं, त्याच्या पंखांची फक्त कड वाऱ्याला द्यायची. या कामाला आठवडे, महिने लागतात, पण ते होतं. मला हा उपाय अतिशय सुंदर वाटतो. त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. अशा उपग्रहाला फक्त खाली जाता येतं. एकदा गेलेली उंची परत मिळत नाही, समोरून येणारा तुकडा वेळेत चुकवता येत नाही, आणि काम संपल्यावर वातावरणात कधी जळून जायचं हे हवा आणि सूर्य मिळून ठरवतात.

आकाश मोकळं होतं तोवर हे चालून गेलं. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा निकामी रशियन उपग्रह सायबेरियावर सुमारे ७८९ किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि दोघांचे हजारो तुकडे झाले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पृथ्वीजवळच्या कक्षांमध्ये हजारो नवे उपग्रह गेले. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम बदलला: काम संपल्यावर पंचवीस वर्षांत खाली आणण्याची जुनी मुदत पाच वर्षांवर आली. २०३० पर्यंत भारताची प्रत्येक अंतराळ मोहीम कचरा मागे न ठेवणारी असेल, असं उद्दिष्ट भारतानंही जाहीर केलं आहे. ही पाच वर्षांची मुदत पाळायची तर बऱ्याच छोट्या उपग्रहांना स्वतःहून हलता आलं पाहिजे. आणि पाच-दहा-वीस किलोच्या डब्यात बसेल, त्याच्या तुटपुंज्या विजेवर चालेल आणि वर्षानुवर्षं बिघडणार नाही असं इंजिन बनवणं हे अवकाश तंत्रज्ञानातलं फार कठीण, आणि माझ्या मते फार कमी बोललं जाणारं काम आहे.

आधी हिशेब पाहू. वीस किलोचा एक उपग्रह आहे आणि त्याच्या वेगात एकूण १०० मीटर प्रति सेकंद इतका बदल करायचा आहे. पाचशे किलोमीटरच्या आसपास कक्षा एक किलोमीटर वर किंवा खाली नेण्यासाठी सुमारे अर्धा मीटर प्रति सेकंद लागतो, म्हणजे १०० मीटर प्रति सेकंदात उपग्रह पावणेदोनशे किलोमीटर खाली आणता येतो. दाबाखाली भरलेला थंड वायू नळीतून सोडून हे काम करायचं म्हटलं, तर वीस किलोंपैकी जवळजवळ पावणेतीन किलो वायूच लागेल. हायड्रॅझीनसारखं रासायनिक इंधन वापरलं तर सुमारे ९०० ग्रॅम. आणि वायूच्या अणूंवर विद्युतभार चढवून, म्हणजे त्यांचे आयन करून, त्यांना विजेच्या जोरावर सेकंदाला वीस किलोमीटर वेगानं बाहेर फेकलं, तर शंभर ग्रॅम पुरतात. द्रव्य जितक्या वेगानं बाहेर फेकाल तितकं ते कमी लागतं. रासायनिक ज्वालेच्या वेगाला रेणूंच्या बंधांमधल्या ऊर्जेची मर्यादा असते. विजेला ती मर्यादा नाही. रॉकेटचे आद्य संशोधक गोडार्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हा विचार वहीत टिपून ठेवला होता, आणि हर्मान ओबेर्त यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात विद्युत-यानावर अख्खं प्रकरण लिहिलं.

याची किंमत रेट्यात मोजावी लागते. अशा छोट्या इंजिनाचा रेटा एक मिलिन्यूटनच्या आसपास असतो. तळहातावर तांदळाचे पाच-सहा दाणे ठेवले तर जितका भार जाणवेल, तितका. वीस किलोच्या उपग्रहाला या रेट्यानं चोवीस तास अखंड ढकललं तर वेग सेकंदाला चार मीटरहून थोडा जास्त बदलतो. जमिनीवर हे इंजिन स्वतःचा डबाही उचलू शकणार नाही. कक्षेत मात्र घाई नसते, आणि चार मीटर म्हणजे सात-आठ किलोमीटरची उंची. महिनाभरात तीच दोनशे किलोमीटरवर जाते.

या इंजिनांचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. २० जुलै १९६४ रोजी नासानं व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून ‘सर्ट-१’ नावाचं यान थोड्या वेळासाठी अवकाशात पाठवलं. त्यात दोन आयन इंजिनं होती. सीझियमचं इंजिन चाललंच नाही. हॅरॉल्ड कॉफमन यांनी क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत घडवलेलं पाऱ्याचं इंजिन ३१ मिनिटं चाललं. त्या ३१ मिनिटांत एका मूलभूत शंकेचं उत्तर मिळालं. यानातून धन आयन सतत बाहेर फेकले तर यानावर ऋण भार साचेल, आणि तो त्याच आयनांना मागे खेचून घेईल, अशी भीती होती. म्हणून बाहेर पडणाऱ्या झोतात तितकेच इलेक्ट्रॉन मिसळायचे, अशी योजना केली. जमिनीवरच्या बंद टाकीत या योजनेची खात्री पटत नव्हती, कारण टाकीच्या धातूच्या भिंती स्वतःच विद्युतमार्ग होऊन बसतात. अवकाशात ती योजना खरी ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोव्हिएत संघानं मंगळाकडे पाठवलेल्या ‘झोंड-२’ यानात टेफ्लॉनवर चालणारे स्पंदित प्लाझ्मा थ्रस्टर होते. टेफ्लॉनच्या ठोकळ्यासमोर कपॅसिटर मोकळा करायचा, ठिणगीत टेफ्लॉनचा पातळ थर उडतो आणि प्लाझ्मा होऊन बाहेर फेकला जातो. टाकी नाही, नळी नाही, झडप नाही. या साधेपणामुळे हा प्रकार आजही अगदी छोट्या उपग्रहांत टिकून आहे. पण त्यात बहुतेक वीज वाया जाते.

आज सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार मॉस्कोत घडला. कुर्चातोव्ह संस्थेतले आलेक्सेय मोरोझोव्ह यांनी ज्याला ‘स्थिर प्लाझ्मा इंजिन’ म्हटलं आणि पाश्चात्त्य जग ज्याला हॉल थ्रस्टर म्हणतं, तो हा. डिसेंबर १९७१ मध्ये गेलेल्या ‘मेटिओर’ हवामान उपग्रहावर तो बसवला होता आणि पुढच्याच वर्षी त्यानं उपग्रहाची कक्षा उचलून दाखवली. अमेरिकेतही साठच्या दशकात या कल्पनेवर काम झालं होतं, पण तिथल्या संशोधकांनी जाळ्यांमधून आयन ओढून काढणाऱ्या इंजिनाला पसंती दिली आणि हॉल थ्रस्टर बाजूला ठेवला. कॅलिनिनग्राडच्या फाकेल कारखान्यात मात्र तो वर्षानुवर्षं सुधारत राहिला. सोव्हिएत संघ कोसळत असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकी तज्ज्ञांनी तिथे जाऊन एसपीटी-१०० हा थ्रस्टर तपासला. दीड किलोवॅटच्या आत वीज, ८३ मिलिन्यूटन रेटा, आणि ७,००० तासांहून जास्त चाललेल्या चाचण्या. दोन देशांच्या कामातलं वीस वर्षांचं अंतर होतं ते. कमी चमकदार वाटणारी गोष्ट चिकाटीनं करत राहिल्याचं याहून चांगलं उदाहरण मला या क्षेत्रात दुसरं दिसत नाही.

हॉल थ्रस्टरची रचना समजायला अवघड नाही. बोरॉन नायट्राइडसारख्या सिरॅमिकची, बांगडीच्या आकाराची एक खोल खाच असते. तिच्या तळाशी धन अग्र, आणि तिथूनच झेनॉन वायू आत येतो. खाचेच्या तोंडाशी, आतल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीकडे जाणारं चुंबकीय क्षेत्र. बाहेर बसवलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. धन अग्राकडे निघालेले हे हलके इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकतात आणि बांगडीभोवती गोल गोल फिरू लागतात. त्या फेऱ्यांत ते झेनॉनच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात. झेनॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सव्वादोन लाख पटींहून जड. त्या चुंबकीय क्षेत्राचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. अडलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे तोंडाशी जे विद्युत क्षेत्र उभं राहतं, त्यानं ढकलला जाऊन तो सरळ बाहेर सुटतो. जाळी लागत नाही.

आता हाच थ्रस्टर लहान करायचा. एसपीटी-१०० मधला १०० हा आकडा खाचेचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. छोट्या उपग्रहासाठी तो वीस-तीस मिलिमीटरवर आणावा लागतो, आणि इथे निसर्ग प्रत्येक वळणावर आडवा येतो. इलेक्ट्रॉनच्या फिरण्याची त्रिज्या खाचेच्या मानानं तितकीच लहान ठेवायची तर आकार निम्मा करताना चुंबकीय क्षेत्र दुप्पट हवं. पण लोखंड आणि तारेची गुंडाळी बसवायला जागा कमी उरलेली असते. मधल्या बारीक लोखंडी गाभ्यात चुंबकत्व एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही, आणि तोच गाभा सगळ्यांत जास्त तापतो. वायूचा अणू बाहेर निसटण्याआधी त्याला इलेक्ट्रॉन गाठायला हवा, म्हणून आखूड खाचेत वायू अधिक दाट ठेवावा लागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे, आकारमान घटतं त्या मानानं भिंतींचं क्षेत्रफळ घटत नाही. प्लाझ्माचा प्रत्येक थेंब भिंतीच्या अधिक जवळ येतो, भिंतीवर आदळून ऊर्जा गमावतो आणि भिंत झिजवतो. एसपीटी-१०० ला दिलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी रेट्याच्या कामी येते. मॅसॅच्युसेट्समधल्या बुसेक कंपनीचा २०० वॅटचा बीएचटी-२००, जो डिसेंबर २००६ मध्ये टॅकसॅट-२ उपग्रहावरून गेला आणि अवकाशात चाललेला पहिला अमेरिकी बनावटीचा हॉल थ्रस्टर ठरला, तो सुमारे त्रेचाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचतो, आणि हे कौतुकास्पद आहे. शंभर वॅटच्या खाली गेलं की हा टक्का झपाट्यानं घसरतो.

उपग्रहाकडे वीज तरी किती असते? पृथ्वीजवळ सूर्यप्रकाश दर चौरस मीटरला १,३६१ वॅट देतो. उत्तम सौर घट त्यातला तीस टक्के पकडतात. दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनावर चार वॅट, तेही ऊन समोर असताना. दीड तासाच्या प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून अधिक वेळ सावली असते. त्यातच रेडिओ, संगणक, कॅमेरा आणि थंडीपासून बॅटरीचा बचाव. उलगडणारे पंख लावून पन्नास-साठ वॅट मिळवणारा उपग्रह चांगल्या स्थितीतला समजायचा. मोठ्या उपग्रहांचं चित्र वेगळं आहे. २०२३ पासून जाणाऱ्या स्टारलिंकच्या नव्या उपग्रहांवरचा आर्गॉनचा हॉल थ्रस्टर ४.२ किलोवॅट खातो आणि १७० मिलिन्यूटन देतो. त्यामुळे मोठ्या थ्रस्टरचं यश पाहून छोट्याचा अंदाज बांधणं चुकतं.

भिंतीच्या झिजेवरचा उपाय अनपेक्षितपणे सापडला. अमेरिकेत एरोजेट कंपनीच्या साडेचार किलोवॅटच्या थ्रस्टरची १०,००० तासांहून लांबलेली चाचणी चालू होती. साडेपाच हजार तासांच्या सुमारास भिंत झिजायची जवळजवळ थांबली. पुढे जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या मिकेलिडिस, होफर आणि सहकाऱ्यांनी गणितानं त्याचं कारण उलगडलं. झिजून बदललेल्या भिंतीचा आकार आणि चुंबकीय रेषांचं वळण यांचा असा मेळ बसला होता की जोमदार आयन भिंतीपर्यंत पोहोचेनासे झाले. मग ते वळण पहिल्यापासूनच मुद्दाम आखायला सुरुवात झाली. याला चुंबकीय कवच म्हणतात. छोट्या थ्रस्टरला या कवचाची सर्वांत जास्त गरज, आणि त्याच्यातच ते बसवणं सर्वांत अवघड, कारण त्यासाठी आणखी लोखंड लागतं. कॅलिफोर्नियात रायन कॉन्व्हर्सानो यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन काही शे वॅटच्या थ्रस्टरवर वर्षानुवर्षं काम केलं. तासन् तास चाललेल्या कंटाळवाण्या चाचणीतून हाती आलेला हा शोध आहे, आणि म्हणूनच लांब चाचण्यांवर होणारा खर्च मला कधीही वाया गेलेला वाटत नाही.

वायूचा प्रश्न वेगळा. झेनॉन जड आहे, त्याचा आयन सहज होतो, तो सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही. थ्रस्टरला हवं ते सगळं त्यात आहे. पण हवेच्या एक कोटी रेणूंत तो एकही भरत नाही. पोलाद कारखान्यांच्या ऑक्सिजन संयंत्रांत जोडउत्पादन म्हणून तो मिळतो, आणि या पुरवठ्यात रशिया व युक्रेनचा मोठा वाटा असल्यामुळे २०२२ नंतर त्याचे भाव भडकले. शिवाय तो जाड भिंतीच्या टाकीत प्रचंड दाबाखाली भरावा लागतो. दुसऱ्याच्या रॉकेटवर कोपऱ्यातली जागा मागणाऱ्या छोट्या उपग्रहाच्या पोटात दाबाची टाकी आहे म्हटल्यावर सुरक्षेच्या कागदपत्रांचा डोंगर उभा राहतो.

आवर्त सारणीत झेनॉनच्या अगदी अलीकडचं घर आयोडीनचं. वजन जवळजवळ तेवढंच. आयन करायला लागणारी ऊर्जा झेनॉनपेक्षाही कमी. आणि आयोडीन घन आहे, दाबाखालच्या झेनॉनपेक्षा तिप्पट दाट. शाळेत संप्लवनाच्या धड्यात सगळ्यांनी पाहिलेलं असतं: थोडी ऊब दिली की काळपट स्फटिकांतून जांभळी वाफ निघते. टाकीत दाब नाही, उड्डाणाच्या वेळी ते नुसता घन पदार्थ म्हणून बसून राहतं. चिली आणि जपान त्याचं भरपूर उत्पादन करतात.

मग ते आधीच का वापरलं गेलं नाही? कारण ते गंजवतं. पोलाद, तांबं, साधी सोल्डर, पंपांचे भाग, सगळ्याला खातं. नळीत कुठे थंड जागा मिळाली की तिथे परत गोठून वाट बंद करतं. आणि अवकाशात स्फटिकांचे तुकडे सुटून टाकीत हिंडू लागले, तर उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचायची कशी?

पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निकच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेतून निघालेल्या आनं आनेस्लाँ आणि दिमित्रो राफाल्स्की यांनी २०१७ मध्ये ‘थ्रस्टमी’ ही कंपनी काढली आणि हे प्रश्न एकेक करून सोडवले. आयोडीन त्यांनी सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या ठोकळ्यात जिरवलं, म्हणजे तुकडे हलायचा प्रश्न मिटला. धातूचे उघडे भाग झाकले किंवा बदलले. इंजिन बंद झालं की उरलेली वाफ नळीत परत गोठते आणि वाट आपोआप बंद करते. जी अडचण होती, तिचाच त्यांनी उपयोग करून घेतला. रेडिओ लहरींच्या गुंडाळीनं वाफेचा प्लाझ्मा करायचा, जाळ्यांमधून आयन ओढून काढायचे, आणि तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सोडून झोत उदासीन करायचा. टाकी, वीजयंत्रणा, सगळं मिळून दहा सेंटिमीटरच्या घनाएवढं आणि सव्वा किलोच्या आसपास. ६ नोव्हेंबर २०२० रोजी ‘बेइहांगकोंगशी-१’ या वीस किलोच्या चिनी उपग्रहावरून ते गेलं. एकेका वेळी ऐंशी-नव्वद मिनिटं पेटवलेल्या अकरा खेपांत कक्षा एकूण तीन किलोमीटरहून अधिक बदलली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये हा वृत्तांत छापून आला. साठेक वॅट, सुमारे एक मिलिन्यूटन. विजेचा पाचवा हिस्साही रेट्याच्या कामी येत नाही, हे आकडे ताडून पाहिले तर दिसतं. तरीही मी याला मोठं पाऊल मानतो. छोट्या उपग्रहावर टक्केवारीपेक्षा जागा, वजन आणि सुरक्षितपणे वर नेता येणं यांना जास्त मोल आहे, आणि तिथे आयोडीन झेनॉनला मागे टाकतं. १८११ मध्ये आयोडीनचा शोधही फ्रान्समध्येच, समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करणाऱ्या बेर्नार कूर्त्वा यांना लागला होता.

‘नेचर’मधल्या त्या वृत्तांतानंतर वर्षभरातच आयोडीनची दुसरी बाजू समोर आली. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्टेमिस-१ च्या महारॉकेटवरून बरोबर गेलेल्या छोट्या यानांत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं ‘लुना-एच-मॅप’ होतं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत हायड्रोजन कुठे किती आहे, त्याचा नकाशा ते करणार होतं. क्रेग हार्डग्रोव्ह त्याचे प्रमुख. त्यावर बुसेकचा आयोडीनवर चालणारा आयन थ्रस्टर होता. चंद्राजवळून जाताना थ्रस्टर पेटवायचा होता आणि तो पेटला नाही. आयोडीनची वाट उघडणारी एक झडप अडकली होती. रॉकेटचं उड्डाण पुन्हा पुन्हा लांबत गेल्यानं यान दीर्घकाळ भरलेल्या अवस्थेत ठेवावं लागलं होतं. चमूनं महिनोन्‌ महिने ती झडप तापवून सोडवायचा प्रयत्न केला. न्यूट्रॉन मोजणारं उपकरण उत्तम चालत होतं, संपर्क होता, यान धडधाकट होतं. २०२३ मध्ये मोहीम संपवावी लागली. प्लाझ्माच्या भौतिकीनं दगा दिलेला नव्हता. एक छोटी झडप हलली नाही आणि कित्येक वर्षांचं काम चंद्राजवळून पुढे निघून गेलं.

छोट्या थ्रस्टरबद्दल वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. छायाचित्रात निळा झोत असतो. मोहिमेचं भवितव्य झडपेत, सोल्डरमध्ये, तापवायच्या तारेत आणि कॅथोडमध्ये ठरतं. कॅथोडचंच पाहा. पोकळ कॅथोड म्हणजे एक बारीक नळी, आत लँथॅनम हेक्झाबोराइड किंवा बेरियम मुरवलेल्या टंगस्टनचा तुकडा. त्यातून इलेक्ट्रॉन निघायला बेरियमवाल्याला हजारेक अंश सेल्सिअस लागतात आणि लँथॅनमवाल्याला सोळाशेच्या आसपास. ते तापमान गाठायला बाहेरून हीटर गुंडाळतात. मोठ्या थ्रस्टरमध्ये हा खर्च किरकोळ. शंभर वॅटच्या थ्रस्टरमध्ये मात्र हीटर डोळ्यांत भरेल इतकी वीज मागतो, पेटायला कित्येक मिनिटं घेतो, आणि तापणं-निवणं यांच्या शेकडो फेऱ्यांत त्याची तार तुटते. कॅथोडमधून जाणारा वायू रेट्यात फारशी भर घालत नाही, आणि थ्रस्टर जितका छोटा तितका या वायूचा हिस्सा मोठा. म्हणून हीटरच काढून टाकायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. नळीत वायूचा दाब क्षणभर वाढवायचा, जास्त व्होल्टचा विजेचा झटका द्यायचा, ठिणगी पडते आणि त्या प्रवाहानं तुकडा स्वतःच तापतो.

भारताचा या कामाशी जवळचा संबंध इथे येतो. १ जानेवारी २०२४ रोजी एक्सपोसॅट हा उपग्रह सोडल्यानंतर पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा ३५० किलोमीटरवर उतरवून प्रयोगांसाठी वापरला गेला. त्या ‘पोएम-३’ वर बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एअरोस्पेसची दोन उपकरणं होती: ‘रुद्र’ हा कमी विषारी इंधनावरचा रासायनिक थ्रस्टर, आणि ‘अर्का-२००’ या हॉल थ्रस्टरचा बिनहीटरचा पोकळ कॅथोड. रोहन गणपती आणि यशस करणम यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीनं अख्खा थ्रस्टर पाठवण्याआधी कॅथोड एकटा पाठवला. ही क्रमवारी मला फार शहाणपणाची वाटते. त्याच पोएम-३ वर मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं ‘बिलीफसॅट-०’ हे रेडिओ उपकरणही होतं. त्याआधी, जून २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीचा किलोभराचा ‘स्वयम्’ आणि सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ कक्षेत गेले होते. स्वयम्‌नं दिशा धरली ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारानं, आत बसवलेल्या चुंबकाच्या मदतीनं. जागा बदलण्याचं साधन दोघांकडेही नव्हतं.

इस्रोची वाट मोठ्या उपग्रहांची आहे. १५ एप्रिल २०१० च्या जीएसएलव्ही-डी३ वर गेलेल्या जीसॅट-४ मध्ये प्लाझ्मा थ्रस्टर होते. रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. ५ मे २०१७ च्या जीसॅट-९ वर विद्युत प्रणोदन पोहोचलं. मार्च २०२५ मध्ये इस्रोनं ३०० मिलिन्यूटनच्या, ५.४ किलोवॅटवर चालणाऱ्या स्वदेशी थ्रस्टरची १,००० तासांची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर केलं. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस निर्वात टाकी, पंप आणि माणसं अडकून राहणं.

छोट्या थ्रस्टरची चाचणी आकारानं छोटी असली तरी सोपी नाही. सव्वा किलोच्या इंजिनाचं वजन त्याच्या रेट्याच्या बारा हजार पट. त्याला नाजूक लंबकावर टांगून लंबक किती सरकतो ते मोजायचं, आणि त्याच लंबकाला जोडलेल्या विजेच्या तारा नि वायूची नळी स्वतःच स्प्रिंगसारखं वागून माप बिघडवतात. पंप अपुरे पडले तर टाकीत उरलेला वायू थ्रस्टर पुन्हा आत ओढतो आणि रेटा खोटाच वाढलेला दिसतो. टाकीच्या भिंतीवर आयन आदळून उडालेली धूळ परत थ्रस्टरवर बसते आणि झीज खोटीच कमी दिसते. म्हणून एका टाकीतला आकडा दुसऱ्या टाकीत जुळत नाही, आणि विक्रीच्या माहितीपत्रकावरचा आकडा वाचताना तो कुठल्या टाकीत, किती दाबावर घेतला, हे विचारलंच पाहिजे.

अवकाश वाट पाहत नाही, हेही मोजमापात धरावं लागतं. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेले ४९ स्टारलिंक उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर असताना सौर वादळानं वातावरण फुगलं. घर्षण वाढलं आणि त्यातले चाळीसपर्यंत उपग्रह जळून गेले. त्यांच्याकडे छोट्या उपग्रहांच्या मानानं दणकट थ्रस्टर होते. एक मिलिन्यूटनचं इंजिन असलेल्या उपग्रहाला कुठल्या उंचीच्या खाली सोडायचंच नाही, हे रॉकेटवरची जागा विकत घेतानाच ठरवायला हवं.

पुन्हा वीस किलोच्या त्या उपग्रहाकडे येतो. शंभर मीटर प्रति सेकंदाचा बदल एक मिलिन्यूटननं करायचा तर इंजिन साडेपाचशे तास चालायला हवं. शंका नको म्हणून जमिनीवर त्याच्या दीडपट तरी चालवून पाहायचं. पण छोट्या उपग्रहाची बॅटरी त्याला सलग चालू देत नाही. दिवसाला पंधरा प्रदक्षिणा, प्रत्येकीत एकदा पेटवणं-विझवणं धरलं, तर वर्षाला पाच हजारांवर पेटण्या होतात. तासांइतकंच महत्त्व या पेटण्यांना आहे, आणि त्या मोजायला बेचाळीस दिवस अडकून राहणारी महाकाय टाकी लागत नाही. कॅथोडला वायू थोडासाच लागतो. एका खोलीत मावणारा निर्वात कक्ष आणि बरा पंप पुरतो. उपग्रह बांधून दाखवलेल्या आपल्या महाविद्यालयांना हे काम पेलणारं आहे. बिनहीटरचा कॅथोड पाच हजार वेळा पेटवायचा, प्रत्येक पेटणीचं व्होल्टेज, वायू आणि वेळ नोंदवायचा, आणि तो कितव्या पेटणीला व कशामुळे हुकला ते छापायचं. छोटे थ्रस्टर बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीला आज असे आकडे हवे आहेत.